इंटरकॉमवरचा साहेब

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. आईजवळ नाही, रोज चहाच्या टपरीवर भेटणाऱ्या पोरांजवळ तर नाहीच. त्यांना सांगितलं असतं तर ते हसले असते — भीती तीच. माझ्या तोंडून काहीही निघालं की लोक हसतात. मी सिरियस झालो तरी विचारतात, "ये किसकी आवाज है भाई?"

माझीच आहे. आज तरी माझीच.

शाळेत होतो तेव्हापासून मी आवाज काढतो. हेडमास्तर, बसचा कंडक्टर, राजपुऱ्यातला आमचा सलूनवाला. मग केळीच्या कंपनीत लागलो. आमच्याकडून दिल्लीकडे रोज गाड्या भरून जातात. तिथे पहिल्याच आठवड्यात मॅनेजर साहेबांचा आवाज उचलला. आधी खाकरायचं, मग "हां, सुनो," आणि शेवटी "समझे ना?" बस, एवढंच. सगळं ऑफिस पोट धरून हसायचं. वाणी काका तेवढे हसायचे नाहीत. "चालू दे भो," म्हणायचे आणि स्क्रीनकडे तोंड करायचे.

वाणी काका माझे सीनियर. कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही दोघंच. आणि तिसरा तो — डिरेक्टरी सर्व्हर. कंपनीत कोण कोण आहे, कोणाचा पासवर्ड काय, कोणाला काय उघडायची परवानगी, सगळं त्याच्यापाशी. गेटवरचा माणूस असो की साहेब, सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की आधी त्यालाच विचारावं लागतं — हा आपलाच आहे ना? तो हो म्हणाला की काम सुरू. काका दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालायचे. मी त्याचीही चेष्टा केली होती.

आता मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

एका शनिवारी सकाळी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची सूचना आली. सर्व्हरमध्ये एक भोक सापडलंय, त्यातून बाहेरचा माणूस पासवर्ड नसताना आत येऊ शकतो, दुरुस्ती लगेच टाका. म्हणजे कुलूप बनवणाराच गावभर सांगतोय की हे कुलूप पिनेनं उघडतं. हे काय फक्त मालकच ऐकतो? चोरही ऐकतो ना? काकांना ते तेव्हाच समजलं. दुरुस्ती टाकायची तर सर्व्हर बंद करून परत चालू करावा लागतो, आणि तेवढा वेळ कोणाचंच लॉगिन होत नाही. म्हणून रविवार ठरला. काका सर्व्हरवर बसणार, मी एकेका कॉम्प्युटरवर जाऊन लॉगिन तपासणार.

आणि रविवारी माझा जैनाबादला प्रोग्राम होता. मित्राच्या बहिणीची हळद, माईक, पाहुण्यांसमोर मिमिक्री. साहेबांकडे सुट्टी मागितली, ते नाही म्हणाले.

शनिवारी दुपारी मी वजनकाट्याच्या केबिनमध्ये गेलो. काटेवाला जेवायला गेला होता. इंटरकॉम उचलून काकांना लावला — त्याच्यावर कोण कुठून बोलतंय ते दिसत नाही. खाकरलो. "हां, सुनो. कल का शटडाउन रहने दो, अगले संडे देखेंगे. समझे ना?"

काका म्हणाले, "जी साहेब."

कसला जी साहेब! मी तोंडावर रुमाल धरून हसत होतो. खरं सांगतो, हसत होतो.

हळद मस्त झाली. सगळ्यात जास्त टाळ्या साहेबांच्या आवाजालाच पडल्या.

गुरुवारी सकाळी एकाही कॉम्प्युटरनं कोणाला ओळखलं नाही. त्याच भोकातून कोणीतरी आत आलं होतं आणि सगळे पासवर्ड बदलून गेलं होतं. गेटपास निघेना, गाडीसोबत जाणारी मालाची बिल्टी निघेना. भरलेल्या गाड्या गेटपासून रस्त्यापर्यंत उभ्या, वर ऊन. केळी थोडीच थांबते? संध्याकाळपर्यंत घड पिवळे पडायला लागले होते.

साहेबांनी विचारलं, दुरुस्ती का नाही टाकली? काकांनी आपली वही पुढे केली. हातानं लिहिलेली नोंद — शनिवार, दुपार, साहेबांच्या फोनवरून रद्द. साहेब म्हणाले, मी फोन केलाच नाही. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तूने तो नहीं किया?"

तेव्हा मी बोलू शकत होतो. त्या क्षणी. पण माझ्या आधी काका बोलले.

"नाही साहेब. पोरगा मस्कऱ्या आहे, पन कामात तसा नाही. मले माहीत आहे."

मी मान हलवली. एवढंच केलं — मान हलवली. तोंड उघडलं असतं तर कोणाचा आवाज निघाला असता, कोण जाणे.

मग काय राहिलं? एकतर काका खोटं बोलतात, नाहीतर त्यांना भास झाला. साहेबांनी मोठेपणा दाखवून भास धरला. काकांना गेटच्या रजिस्टरवर बसवलं, सर्व्हरच्या खोलीची चावी मला दिली.

इथे थांबलो तर तुम्हाला वाटेल, भित्रा होता, बस. पण अजून आहे.

पंधरा दिवसांनी काका गेटवर मला हळूच म्हणाले, "कानाच्या डॉक्टरले दाखवून आलो भो. तो म्हणे कान चांगले आहेत. मग मले साहेबाचा आवाज कसा आला? तुले आवाजातलं कळते. तू सांग, असं होऊ शकते का?"

त्यांनी विचारलं कोणाला? मला.

मी म्हणालो, "होतं काका. वयानं होतं."

ते "हो, होत असन," म्हणाले आणि एका गाडीचा नंबर लिहायला लागले. लिहून झाल्यावर तो ड्रायव्हरला परत एकदा विचारून घेतला.

पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. दुरुस्ती आली की आता मी त्याच दिवशी टाकतो, वहीत नोंद करतो, काकांच्याच वहीत. त्यानं काही भरून येत नाही, हे मला माहीत आहे. साहेबांचा आवाज काढणं बंद केलं. पोरं विचारतात, मी म्हणतो, घसा खराब आहे.

मागच्या आठवड्यात काका बसस्टँडवर भेटले. मी नमस्कार केला, तब्येत विचारली. त्यांनी कानामागे हात धरला.

"जरा जोरानं बोल भो. मले कमी ऐकू येते ना आता."

कान चांगले आहेत त्यांचे. डॉक्टर म्हणाला होता.

मी जोरानं बोललो.