विहिरीतले ठोके

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्या सुमाराला आमच्या निलंग्याकडच्या गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या. वडील तोवर नौदल सोडून घरी आलेले. आई गेल्याची तार त्यांना जहाजावर मिळाली होती. मुदत संपताच ते माझ्यासाठी गावी परतले. भाकरी थापायला शेजारणीकडून शिकले. माझी वेणी मात्र पहिल्या दिवसापासून अशी घट्ट घालायचे की संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही. दोर वळलेले हात होते ते.

चैत्रातल्या एका दुपारी शेजाऱ्यांच्या मळ्यात विहीर आणखी खोल करायचं काम चालू होतं, आणि एका अंगाची दरड कोसळली. दोघे गडी वर आले. तिसरा, देगलूरकडचा एक संसारी माणूस, खाली गाडला गेला. माणसं जमली. फोन जुन्या जिल्ह्याला लावायचा की नव्या, यावरच वाद चालला होता. तासभर माती उपसून मुकादम म्हणाला, "आता पुरे. उरलेली दरडबी येईल अंगावर."

वडील तेवढ्यात पोचले. मी त्यांच्या मागोमाग. तेव्हा बारा वर्षांची होते. त्यांनी काठाशी पहार रोवली, गुडघ्यावर बसून तिला कान लावला आणि तसेच राहिले.

"कुणीतरी वाजवायलंय खाली."

मुकादमानं कान लावला. "काही न्हाई, काका."

"पोरी, तू ऐक."

पहार चटका बसेल इतकी तापली होती. मी ओढणीवरून कान टेकला. आधी काहीच नाही. मग तीन ठोके. थांबून पुन्हा तीन.

"हाव, वाजवायलंय," मी म्हणाले.

वडिलांनी दोर काठावरच्या लिंबाच्या झाडाला बांधला, दुसरं टोक कमरेला. "दोन हिसके दिले की वढा," म्हणाले आणि उतरले. लोक खणत होते ती बाजू सोडून ते समोरच्या बाजूला, ठोक्यांच्या दिशेनं, हातांनी माती काढू लागले. पुष्कळ वेळानं दोन हिसके आले. एका शिळेखालच्या पोकळीत तो माणूस श्वास घेत होता. त्याला जीपमधून लातूरला नेलं.

महिन्याभरानं तो आमच्या ओसरीवर आला. एक हात प्लास्टरमध्ये होता. वडिलांनी स्वतः चहा केला.

"वाजवत राहिलास म्हणून सापडलास," ते म्हणाले.

त्यानं बशी खाली ठेवली. "मी कुठं वाजवलो, काका? दोन्ही हात खांद्यापर्यंत मातीत. मीबी ऐकलो ते. मला वाटलं, तुम्हीच वाजवायलाव."

"आम्ही न्हाई. आवाज खालून यायला होता."

"मलाबी खालूनच येत होता," तो म्हणाला.

त्याच्या खाली काळ्या खडकाशिवाय काही नव्हतं.

तो गेल्यावर वडील उंबऱ्याशी येऊन बसले. मग त्यांनी मला एकदाच, सलग सांगितलं. जहाजाच्या तळच्या खोलीत पाणी शिरलं होतं. जहाज वाचवायला त्या खोलीची झडप बंद करायचा हुकूम आला आणि ती त्यांनीच बंद केली. आत त्यांचा दोस्त होता. तो आतून वाजवत राहिला. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन. हळूहळू ते बंद झाले.

"मी बाहेरून एकदाबी वाजवलं न्हाई," वडील म्हणाले. "हिंमतच झाली न्हाई."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर ते मला घेऊन त्या विहिरीवर गेले. काम केव्हाच थांबलेलं. खाली उतरून त्यांनी खडकावर पहारीनं तीनदा वाजवलं आणि उभे राहिले. मी वर पालथी पडून जमिनीला कान लावला होता.

उत्तर आलं. लगेच, अगदी माझ्या कानाखाली.

ते वर आले. अंगावर धूळ, डोळे लाल. "काही ऐकलंस?"

त्यांचा एक हात अजून दोरावर होता. मी हो म्हटलं असतं तर ते पुन्हा उतरले असते, हे मला दिसत होतं.

"न्हाई, बाबा."

त्यांनी मान डोलावली, दोर गोल गुंडाळला आणि माझ्या अंगावरची माती झटकली. त्यानंतर त्या मळ्याकडे ते कधी फिरकले नाहीत. माझं शिक्षण केलं, लग्न करून मला नांदेडला पाठवलं, नातवंडांना खेळवलं. शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी होते. खरं काय ते सांगावं, असं दोनदा मनात आलं. मी त्यांना पाणी पाजलं आणि गप्प बसले.