सशाचं नाक आणि गादीवाल्याचं मशीन

गादीवाल्याच्या बायकोला खोकला होता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. दूधवाला घंटीसुद्धा वाजवायचा नाही. आतून खोकल्याचा आवाज आला की काकू घरात आहेत असं समजायचा आणि दूध ठेवून जायचा. माहीत नव्हतं ते फक्त एकाला, आणि तो तिच्याच शेजारी झोपायचा.

त्या नवऱ्याला लोक तोंडावर शेट म्हणायचे आणि पाठ फिरली की फुगीर. होताच तसा, नव्या भरलेल्या उशीसारखा. इकडून दाबला की तिकडून वर. "माझ्या गादीवर झोपलेल्या माणसाला सकाळी उठवावं लागतं," असं गिऱ्हाइकाला ऐकवायचा. आणि घरात बायको अर्धी रात्र उशीला टेकून बसून काढायची, ती कुणाच्या गादीवर?

घर म्हणजे पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन. झोपायचंही त्याच खोलीत, मशीनला पाय लावून. लोक जुन्या गाद्या आणून टाकायचे. कुणाकडे आजारी माणूस त्यावर वर्षभर पडलेलं, कुणाच्या पोरांनी ती भिजवून भिजवून पिवळी केलेली. तो दगड झालेला कापूस मशीनमधे घातला की सात घरांची धूळ हिच्या एका घरात मोकळी सुटायची. भांड्यांवर थर, दिव्यावर थर, चहावर साय धरावी तसा थर. काकू तोंडाला फडकं बांधून खोळी शिवायची, दाभणानं टाके घालायची आणि खोकायची.

"अहो, मशीन मागच्या शेडमधे न्या ना," तिनं किती वेळा म्हटलं असेल.

"शेड गळतंय."

"मग छप्पर नीट करून घ्या."

"तिथे वायर नाही."

"मग ओढून घ्या."

"अगं, माझ्या बापानं जन्मभर याच खोलीत पिंजलं. त्याला काय धाड भरली?"

बाप खोकून खोकूनच गेला होता. पण ते सांगणार कोण? सांगायला तोंड उघडावं तर पुन्हा कापूस आत.

आता सशाचं ऐका. ससा मुलीचा. ती नोकरीला परगावी गेली तेव्हा तिनं तो बापाच्या मांडीवर ठेवला. डोळे पुसत म्हणाली, "बाबा, याला जपा हं, म्हातारा झालाय." आणि आईला काय सांगून गेली? "आई, बाबांना वेळेवर जेवायला वाढ." झालं, आईची सोय लागली!

सशाचं नाव कापश्या. पांढरा, एक कान पडका, सशांच्या हिशेबानं पणजोबा. काकूला त्याचा मुळीच लोभ नव्हता. लेंड्या झाडायच्या हिनं, गवत आणायचं हिनं, आणि संध्याकाळी हात धुऊन मांडीवर घेणार फुगीर. लाड करायला हे पुढे, झाडूला मात्र हात लावायचा नाही.

एक दिवस कापश्या शिंकला. बारीकशी शिंक, नीट ऐकूही न येणारी. पण फुगीरनं हातातलं माप टाकलं आणि धावला. "अगं ए, कापश्या शिंकला! ऐकलंस का?"

काकू तेव्हा खोकत होती, म्हणून नाही ऐकलं.

मग या शहाण्यानं उपाय काय केला? म्हणाला, म्हाताऱ्याला खालून गार लागत असेल. ताजा पिंजलेला कापूस घेतला, खोळबिळ काही नाही, आणि मोकळाच पिंजऱ्यात भरला, ससा कानापर्यंत बुडेल इतका. वर छाती काढून म्हणतो, "राजाला नसेल अशी गादी!" चार दिवसांत राजाचं नाक वाहायला लागलं. पुढच्या पायांनी सारखं नाक पुसून पुसून पायांवरचे केस चिकटून गोळे झाले. श्वास घेताना घरघर, आणि गाजराकडे ढुंकून बघेना. की हा आणखी कापूस घालणार! सर्दी वाढली की कापूस वाढला, कापूस वाढला की सर्दी वाढली.

मुलीनं फोनवर सशाचं तोंड बघितलं आणि तिकडे रडायला लागली. "बाबा, याला काही झालं तर मी घरी पाऊल टाकणार नाही." मग मात्र फुगीरची हवा गेली. सशाला टोपलीत घालून निघाला जनावरांच्या दवाखान्यात. टोपली धरायला बायको होतीच.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शब्द तोलून वापरायची सवय नव्हती. नळी लावून छाती ऐकली, सशाच्या नाकपुडीतून चिमट्यानं एक कापसाचा तंतू ओढून काढला आणि उजेडात धरला.

"हे काय आहे?"

"आमचाच कापूस," फुगीर कौतुकानं म्हणाला. "एक नंबर माल."

"ससा नाकानंच श्वास घेतो. नाक चोंदलं की तो तोंड उघडून भागवू शकत नाही. आधीच म्हातारा, आतून आजारी, त्यात तुम्ही त्याच्या नाकात गादी भरताय. हा राहतो कुठे?"

"मशीनच्या खोलीत."

"मशीन तिथून हलवा, नाहीतर ससा हलवा. मधला रस्ता नाही."

तेवढ्यात काकूला उबळ आली. चांगली दणदणीत. बाईंनी वर बघितलं. "आणि तुम्ही कुठे असता?"

"मीही तिथेच."

"तिला सवय आहे," फुगीर म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की टोपलीतला ससा दबकला. पण हा कुठला दबकतो!

ससा हलवणार कुठे? शेड गळकं आणि बाकी घरभर धूळ, म्हणून फुगीरनं घरी आल्याबरोबर माणसं बोलावली. शेडच्या छपराला नवे पत्रे पडले, वायर ओढली गेली, आणि त्याच आठवड्यात मशीन मागच्या शेडमधे जाऊन बसलं. काकू दारात उभी राहून बघत होती. तिच्या संसाराच्या सगळ्या वर्षांत गळणारं छप्पर सशाच्या शिंकेनं बंद झालं होतं. हसावं की त्याच मशीनमधे नवऱ्याला घालून पिंजून काढावं, तिला कळेना. तिनं खोली धुतली. भिंती, खिडकी, पंख्याची पाती, सगळं. काळं पाणी निघतच राहिलं.

आणि त्या खोलीत ती झोपली. सलग झोपली.

सकाळी जाग आली तेव्हा तिला एकच गोष्ट लख्ख कळली. मशीन बाहेर आहे ते या पडक्या कानाच्या जोरावर. हा जगला तर मशीन बाहेर, हा गेला की मशीन आत.

मग काय, जिला सशाचा लोभ नव्हता तिनं सशासाठी कंबर बांधली. कोमट पाण्यात फडकं भिजवून नाक पुसायचं, पायांवरचे गोळे हळूहळू सोडवायचे. पिचकारीनं औषध द्यायचं ते गालाच्या कडेनं, थेंबाथेंबानं, उताणा अजिबात करायचा नाही. गवत अंगणात झटकून, पाला ओला करून बारीक चिरून. वास येत नाही म्हणून खायचा नाही, तर पान ओठाला लावून बसायची आणि तोंडानं शिव्या चालू. "खा मेल्या. तुझ्या मालकाला तुझीच तेवढी कीव येते. खा, नाहीतर ते धूड परत माझ्या उशाशी येईल."

डॉक्टरीणबाईंनी औषधाची वाफ करणारं लहानसं यंत्र दिलं होतं. खोक्यात ससा ठेवून वर चादर टाकायची आणि आत वाफ सोडायची. ते करायचं म्हटलं की फुगीरला नेमकं गिऱ्हाईक आठवायचं. नाक सुकं दिसलं की मात्र विचारायला हजर. "बरा झाला ना? मग मशीन आणू का आत? शेडमधे जीव घुसमटतो माझा."

"तुमचा घुसमटतो का?" काकू म्हणायची. "अरेरे. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, हे दुखणं जायचं नाही, सांभाळायचं असतं."

असा काकूनं आणि सशानं थंडीचा काळ काढला, उन्हाळा काढला. एकदा सशानं दोन दिवस पाल्याला तोंड लावलं नाही, तेव्हा काकूच्या घशाखालीही घास उतरला नाही. आता हे मशीनसाठी की सशासाठी, ते तिला विचारायची सोय नव्हती. ती विचारणाऱ्याचंच नाक कापायची.

शेवटी म्हातारा तो म्हाताराच. एका दुपारी नाक पुसून घेताना तिच्या हातात डोकं टेकलं आणि ते पुन्हा उचललंच नाही. घरघर थांबली तेव्हा खोली किती शांत झाली ते तिला कळलं. फडकं पिळत तिनं नाक ओढलं. "टीचभर जीव आणि केवढी चाकरी करून घेतली माझ्याकडून," म्हणाली आणि रडली.

फुगीर रडला तो चार घरं ऐकतील असा. मुलीला फोन लावून पुन्हा रडला. शेडच्या मागे ससा पुरला, आणि दुसऱ्या दिवशी, अजून डोळेही सुकले नव्हते, तर हा मशीनचा पट्टा खांद्यावर टाकून मधल्या खोलीच्या दारात उभा.

"अगं, सरक जरा. मशीन आत घेतो."

"का?"

"आता कुणासाठी बाहेर ठेवायचं?"

काकू सशाची फडकी घडी करत होती. उठली, जिथे मशीन होतं तिथे सशाचं अंथरूण पसरलं, त्यावर मांडी घालून बसली आणि एक फडकं नवऱ्यापुढे धरलं.

"माझ्यासाठी," म्हणाली. "मी समजा कापश्याच. बघा, नाक आहे, श्वासही त्यानंच घेते. कान तेवढा पडका नाही, तो मात्र पाडून देता येणार नाही. घ्या फडकं, पुसा."

फुगीरनं फडक्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"पुसवत नाही ना? मग राहू दे मशीन तिथंच. मी माझं पुसते."

फुगीर पट्टा घेऊन आल्या पावली शेडमधे गेला. तो पट्टा अजून तिथेच आहे. गिऱ्हाइकांना सांगतो, "मशीन मी मुद्दाम मागे नेलं. कापसाला मोकळी हवा लागते, त्यातलं कळावं लागतं." बायकोचं नाव काढत नाही आणि सशाचंही नाही. खोकला पुरता गेला नाही, जुना आहे, पण येतो तो पाहुण्यासारखा, अधूनमधून.

दूधवाल्याची मात्र पंचाईत झाली. दार बंद, आत चिडीचूप. शेवटी त्यानं घंटी वाजवली.

"काकू, गावाला गेला होतात का?"

"नाही रे," काकू पातेलं पुढे करत म्हणाली. "घरातच आहे."