दाराबाहेर कोण होतं

बायको गेली तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. पिंड ठेवून आम्ही सगळे लांब उभे. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. पोरीचं लग्न लावतो म्हणालो, देवीची ओटी भरतो म्हणालो. कायबी फरक न्हाय. शेवटी भाचा ओरडला, "मामी, मामा दुसरी करणार न्हाईत, उतरा आता!" लोक हसले. मला हसू आलं नाही.

तेवढ्यात पोरगी पुढं झाली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, दाराबाहेर कोण होतं ते मी तुला दाखवते."

कावळा लगेच खाली उतरला.

पोरीच्या बोलण्याचा अर्थ आम्हा बापलेकीलाच कळला. बायकोला टीव्हीवरच्या एका मालिकेचं वेड होतं. बाहेरच्या देशातली, पण हिंदीत बोलायची. आकाशात वाट चुकलेलं एक यान, त्यातली माणसं एकेक करून मरतात, कप्तान एक बाई. घरातल्या आमच्या यंत्रमागांच्या खडखडाटात बायको टीव्हीला नाक लावून बघायची. शेवटच्या भागात यानाच्या दारावर बाहेरून कुणीतरी थाप मारतं. बाहेर ना हवा, ना जमीन. कप्तान कडीला हात लावते आणि तिथंच मालिका बंद पडली, ती कायमचीच. दवाखान्यातसुद्धा बायको विचारायची, "कोण असंल वो ते?"

"असंल कोणतरी भाडेकरू."

"तुमचं डोंबल!"

पोरगी खडेबाजारातल्या एका दुकानात लग्नपत्रिका, बोर्ड यांची डिझाइनं करते. तिनं ती मालिका कार्टून करून काढायला घेतली. म्हणजे कार्टून असती तर कशी दिसली असती, तशी. चित्रं मोबाईलवर टाकायची, कुठली कुठली माणसं वा वा करायची. आधी कप्तान मालिकेतल्यासारखीच होती, गोरी, आखूड केसांची. मग बदलायला लागली. कपाळ रुंद झालं. डावा खांदा उतरला. मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून माझ्या बायकोचा खांदा तसाच उतरला होता.

"आईला कशाला काढलीस?"

"मी न्हाई काढली, आप्पा. हात जातोय वो." पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

शेवटचं चित्र राहिलं. कप्तान पाठमोरी, हात कडीवर.

मी म्हणालो, "बंद कर आता."

"शब्द दिलाय, आप्पा."

"असू दे दिलेला. दार उघडलं की तुझी आई जाणार."

पोरीनं पेन बाजूला केलं. चित्र तसंच ठेवलं.

त्यानंतर घरात मला करमेना. एकदा दुपारी लाईट गेली, माग थांबले. त्या शांततेत आतल्या खोलीत कुणीतरी या पायावरचा भार त्या पायावर घेतंय असं वाटलं. आत गेलो. कुणी नव्हतं. लॅपटॉपचा उजेड तेवढा पडला होता आणि त्यात ती उभी होती, कडीवर हात ठेवून.

मी कॉटवर बसलो. बघत राहिलो. मागापाशी दिवसभर उभं राहून हिचे पाय सुजायचे. मी तेल लावून चोळायचो, तर म्हणायची, जोर काय सासऱ्यासाठी ठेवलाय का?

पोरीला हाक मारली. "उघड गं ते दार. पाय भरून आले असतील तिचे."

ती पेन घेऊन बसली. "बाहेर कुणाला काढू?"

"मला काय इचारतीस? हात जाईल तिकडं जाऊ दे."

मी भिंतीकडं तोंड केलं. काचेवर पेन घासल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"झालं, आप्पा." पोरगी उठली आणि भर दुपारी आमच्या घराच्या दाराला आतून कडी घातली.

तिचा मोबाईल आजही वाजतो. त्या चित्राबद्दल लोक काय काय विचारतात. "बघा की एकदा," पोरगी म्हणते. बघतो, म्हणतो, पण बघत नाही. बघितलं तर बायको कुणाबरोबर गेली ते मला कळेल.