क्लायंटची खुर्ची

"तू त्या खुर्चीत बस," सर म्हणाले. "तुझ्याकडे सांगण्यासारखं खूप आहे."

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. सगळे माझ्याकडं कळवळून बघत होते.

कोल्हापूर, नव्वदचं दशक सरत आलेलं. एम. ए.चं शेवटचं वर्ष, मानवतावादी मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक. समोरासमोर दोन खुर्च्या. एकीत दुःख सांगणारा क्लायंट, दुसरीत ऐकणारा समुपदेशक. माणसाला कसलीही अट न घालता स्वीकारायचं, असं फळ्यावर लिहिलेलं. खुर्च्या पाळीपाळीनं बदलायच्या असतात. आमच्याकडं समुपदेशक बदलायचा, क्लायंट दर वेळी मीच. वस्तीतून आलेली एकटी मीच होते ना!

आणि मी सांगत गेले. आई मंगल कार्यालयात भांडी घासते, पंगतीत उरलेलं पदराखाली घरी आणते, त्यावर आम्ही वाढलो. सर मान डोलवायचे. त्यांच्या शाबासकीसाठी एकदा तर मी मुद्दाम रडले. लिहितानाही लाज वाटते. माझ्या रडण्यावर सगळ्यांच्या प्रात्यक्षिकाच्या जर्नलवर सरांच्या सह्या झाल्या.

मग वर्गातल्या एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न निघालं. अख्ख्या वर्गाला आमंत्रण. कार्यालय नेमकं आई कामाला होती तेच. जेवणं झाल्यावर मैत्रीण अंगावरचा शालू सावरत, आई भांडी घासत होती त्या मोरीपाशी गेली. आईचा खरकटा हात हातात घेऊन म्हणाली, "मावशी, उरलेलं अन्न घरी नेताना तुम्हाला किती वाईट वाटत असेल, मी समजू शकते."

वर्गात शिकलेलं वाक्य. आईनं हात सोडवून घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी पाहुण्यांत उभी होते. पुढं गेले नाही. खाली बघत राहिले.

त्या दिवशी आई रिकाम्या हातानं घरी आली. एवढंच म्हणाली, "घरातलं समदं तिकडं सांगिटलंस व्हय गं? मला इचारायचं तरी हुतंस."

पुढच्या प्रात्यक्षिकाला मी सरळ समुपदेशकाच्या खुर्चीत जाऊन बसले.

"ती तुझी खुर्ची नाही," सर म्हणाले.

"समोरची रिकामी आहे, सर. आज तुम्ही बसा. मी ऐकते."

सर बसले नाहीत. माझ्या जर्नलवर सहीही झाली नाही. परीक्षेला बसता आलं नाही, वर्ष वाया गेलं. त्याचं काही वाटत नाही.

आईची माफी मागायला मात्र मला अजून तोंड नाही. तिचं दुःख तिचं आहे. ते पुन्हा कुणाच्या सरावाला मी देणार नाही. आणि माझ्यासमोर दुसऱ्या कुणाचं घेऊही देणार नाही.