आईच्या फाटकावरची गस्तीची वही

गेल्या शनिवारी साताऱ्याला गेले ती आईला पुण्याला आणायचंच, असं ठरवून. गाडीच्या डिकीत एक मोठी रिकामी बॅगही टाकली होती... "सामान कशात भरू?" हा बहाणा नको म्हणून.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी राहते. गल्लीच्या तोंडाशी तात्यांचं गरम दुधाचं दुकान, रात्री साडेबारापर्यंत चालायचं. बाबा गेल्यापासून आईची झोप त्या दुकानाच्या उजेडावर होती. "तात्या जागे आहेत ना, मग मी कशाला जागू?" असं म्हणायची.

मध्यंतरी शहरात रात्रीची हुल्लडबाजी फार वाढली, म्हणून पोलिसांनी कडक धोरण घेतलं. हॉटेलं, पानटपऱ्या, आईस्क्रीमच्या गाड्या... सगळं दहाला बंद. चौकाचौकात नाकाबंदी.

फेसबुकवर ती बातमी वाचून मला बरंच वाटलं होतं. टवाळखोरांना चाप बसलाच पाहिजे म्हणून मी लाईकही ठोकलं. त्या चापात तात्यांची कढईही येईल, हे काही डोक्यात आलं नाही.

आता दहा वाजले की गल्ली चिडीचूप. फोनवर विचारलं तर आई म्हणायची, "भीती कसली? चौथीचे वर्ग सांभाळलेत मी, छत्तीस वर्षं." पण तिचा आवाज काही मला पटत नव्हता...

शनिवारी पोहोचले तर फाटकाला एक पत्र्याची पेटी अडकवलेली. आत वही. रात्रीच्या गस्तीचा पोलीस फेरीला आला की त्यात वेळ टाकून सही करतो. तीन फेऱ्या, तीन सह्या, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, तो साहेबांसाठी. दिव्याचा खांब आमच्या फाटकाशी आहे, म्हणून पेटी आमच्याकडे.

रविवारी सकाळी बघते तर काय, आईने दुधाच्या पिशवीबरोबर ती वहीही घरात आणली! चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि चहा पीत तपासायला बसली.

"आई, सरकारी वही आहे ती!"

"माझ्या फाटकावर आहे," आई म्हणाली आणि पान उलटलं.

मी वही ओढूनच घेतली. पहिल्याच पानावर, शेऱ्याच्या रकान्यात, आईचं ते वळणदार अक्षर... "तिन्ही सह्या एकाच वेळी केलेल्या दिसतात. असे करू नये." त्याखाली, "अक्षर सुधारावे."

आता हिच्यावर गुन्हा दाखल होणार आणि मी बॅग घेऊन पोलीस स्टेशनला जाणार... आणि तेवढ्यात फाटकाशी बाईक थांबली. हवालदार संपतराव, ड्युटी संपवून घरी निघालेले. जागरणाने डोळे लाल. मी धावत जाऊन माफी मागायला लागले.

"आवं ताई, माफी कसली? पयल्या दिवशी लय राग आला व्हता, ते खरं. चौथीत सुदीक एवढं लाल पेन पडलं न्हवतं माझ्या वहीवर." ते हसायला लागले. "बाईंना म्हटलं, अडीचच्या फेरीला मी हायवेच्या नाक्यावर असतोय. एक माणूस दोन जागी कसा पुरायचा? तर म्हणल्या, मग तसं लिहा. खोट्या सहीपेक्षा खरी गैरहजेरी बरी."

मग त्यांनी तसं लिहायला सुरुवात केली. "आलो नाही. नाक्यावर होतो." साहेबांनी दोन-चार वेळा ते वाचलं आणि अडीचच्या फेरीला दुसरा माणूस दिला. आईच्या लाल पेनाचा असाही उपयोग!

आई त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली. मी उभ्या उभ्या पानं चाळत राहिले... आणि एका पानाशी थांबले.

तिथे आईचंच अक्षर होतं, पण निळं. "काल रात्री भीती वाटली. झोप नाही. तात्यांचे दुकान बंद असते."

तीन महिने रोज फोन करत होते मी. मला एकदाही म्हणाली नाही. पोलिसांच्या वहीत लिहिलं... खरं सांगते, वाईटही वाटलं आणि रागही आला. तिचा नाही, माझाच.

त्याखाली संपतरावांनी लिहिलं होतं, अगदी जपून, अक्षर सुधारून. "बाई, उद्यापासून प्रत्येक फेरीला फाटकाची कडी दोनदा वाजवून जाईन."

पुढे रोज सह्या, आणि शेऱ्यात आईचा एकच शब्द. ऐकली. ऐकली. ऐकली. आणि मग एका दिवशी... "ऐकली नाही. झोप लागली होती."

मी वही मिटली.

सगळीकडे सरसकट दहाची सक्ती असावी का, याबद्दल माझं मत अजून ठरत नाही. तात्यांचं नुकसान झालंच. आता ते पहाटे पाचला कढई चढवतात, भरतीसाठी धावणारी पोरं आणि फिरायला निघालेले निवृत्त फौजी दूध प्यायला थांबतात. "बसतंय हळूहळू," म्हणाले.

संध्याकाळी आईला डिकीतली बॅग दिसली. "ही कशाला आणलीस?" मी म्हटलं, तुझ्या जुन्या साड्या न्यायच्यात, गोधडी शिवून घेते. तिला पटलं नाही, पण साड्या दिल्या.

सोमवारी पहाटे निघताना मीच पेटीतून वही काढून तिला आणून दिली. रात्रीच्या तिन्ही सह्या वेगवेगळ्या वेळेच्या होत्या, दोन वेगवेगळ्या हातांच्या. आईने त्या नीट पाहिल्या आणि शेरा लिहिला.

"मुलगी आली होती. कडी दोघींनीही ऐकली नाही."

संपतराव, तुमचे आभार कसे मानू कळत नाही... अक्षर मात्र खरंच सुधारलंय तुमचं.