तिघींचा फोटो

आमच्या घरात मीठ सोडून सगळं उसनं यायचं. आई-बाबा दोघं खाडीकाठच्या मिठागरात कामाला. खाऱ्या पाण्याने आईच्या टाचांना अशा भेगा पडायच्या की चप्पल घालणं नको व्हायचं. ते मिठागर बंद पडलं तशी ती खांदा कॉलनीत धुणीभांडी करायला लागली. मला एकच सांगायची, "काय पन कर, मिठाची पाटी डोक्यावर घ्यायची नाय."

मी घेतली नाही. बी.ए. झाले, घरातली पहिली. पनवेलच्या एका स्टुडिओसाठी लग्नाचे फोटो काढायला लागले आणि एक जुना डिजिटल कॅमेरा घेतला. तेव्हापासून मनात घोळत होतं, आईच्या कामाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. उरणच्या बाजूला एक मिठागर अजून चालू होतं, पण त्या उन्हाळ्यानंतर तिथे भराव पडणार होता. आता नाही तर कधीच नाही.

तिथे तिघी एकत्र राबायच्या. सासू, सून आणि त्यांची शेजारीण. भरलेली पाटी एकीच्या डोक्यावर चढवायला दोघी लागतात, म्हणजे फोटो तिघींचाच हवा. पण मी कॅमेरा उचलला की सासू हात काढून बाजूला.

"मावशी, राहा ना तिथंच."

"तिघींचा नाय काढायचा. तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघींतली एक जाते."

"असं काही नसतं हो. मी शिकलेय, सांगते ना!"

"शिकलीस ना? मग चौथी आन."

सून हसली. "नायतर तूच ये. बघू कॉलेजची मान किती टिकते!"

मला राग आला. मी मिठागरातल्या बाईची मुलगी, आणि मला हे? कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधावर ठेवला आणि डोक्यावर कापडाची चुंबळ घेतली. पहिल्याच पाटीचं खारं पाणी मानेवरून पाठीत उतरलं. अर्धं मीठ वाटेत सांडलं. शेजारीण म्हणाली, "बाय, मीठ पेरतेस का काय?"

मग लग्न नसेल त्या दिवशी जातच राहिले. त्यांच्याबरोबर भाकरी खाल्ली, सुनेच्या माहेरची भांडणंसुद्धा पाठ झाली. घरी काही सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी आईने माझ्या टाचा पाहिल्या. कोकम तेल गरम करून आणलं आणि चोळत बसली.

हंगाम संपत आला होता. मी पाटी रिकामी करून परत येत होते, तर समोर दोघींचे हात वर आणि खाली सुनेची ताठ मान. धावत जाऊन पिशवीतून कॅमेरा काढला, आणि थांबले. त्यांना नको असताना चोरून काढायचा नव्हता. सासूने पाहिलं. तिचे हात पाटीलाच होते.

"काढ की. थांबलीस कशाला?"

"तिघी आहात, मावशी."

"तिघी कशा? तू कोन मग? चौघी हाव आपन. काढ लवकर, हिची मान मोडंल!"

काढला. इतकं हायसं वाटलं की कॅमेरा पोटाशी धरून मी बांधावर बसकण मारली.

पुढे पनवेलच्या एका प्रदर्शनात तो लागला. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती.

"तिघींचा काढू कसा दिला गं त्यांनी?"

मी नुसती टाच वर करून दाखवली. ती एवढी हसली की लोक वळून बघायला लागले.

आईच्या कामाचा फोटो आता आमच्या घरात आहे. तो मी काढलाय.