मळलेलं इंजिन

सुखदेवराव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नागपूरच्या शाळेत चित्रकलेचा तास घेत होतो. तसाच कामठीच्या बसमध्ये बसलो. वाटभर डोळ्यांपुढे होतं ते त्यांचं इंजिन...

ते माझे शेजारी. कन्हानकडून कोळशाच्या मालगाड्या आणणारे डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर. नजर अधू झाली, तपासणीत ते नापास झाले आणि ऑफिसातल्या टेबलाशी जाऊन बसले. घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहत, कुणाशी बोलत नसत. मी एकदा सहज म्हणालो, "तुमचं इंजिन लाकडात करून दाखवा की." त्यांनी ते मनावर घेतलं. सागाचा तुकडा, पत्रा, सायकलच्या तारा... चार महिन्यांत हातभर लांबीचं इंजिन तयार झालं. माझ्याकडचे रंग घेऊन त्यांच्या पत्नीनं, शांतावहिनींनी, ते लालपिवळं चकचकीत रंगवलं.

सुखदेवरावांनी ते डोळ्यांशी धरलं आणि खाली ठेवलं. "हे माझं नाही, मास्तर. हे तं अजून शेडच्या बाहेरच नाही निघालं."

"मंग चूप काहून बसले? कुठं कुठं मळते, सांगा न मले," वहिनी म्हणाल्या.

आणि ते बोलू लागले. "धुराड्यामागं काळं कर... पुढं नाही वं, मागं. गाडी पळते तं धूर मागंच जाते." टाकीच्या तोंडाखाली तेलाचा ओघळ, चाकांवर ब्रेकची तांबूस भुकटी, दाराजवळच्या दांडीवर उडालेला रंग, कारण चढताना हात रोज तिथंच पडायचा. वहिनी काजळी तेलात कालवून बोटानं लावत होत्या. त्या एका दुपारी ते वर्षभराचं बोलले असतील.

पुढे ते इंजिन रेल्वेच्या साहेबांच्या पाहण्यात आलं आणि सुखदेवरावांना नव्या ड्रायव्हरांना शिकवायला बोलावलं. "डाग वाचा गा," ते सांगत. "नेहमीपेक्षा मोठा ओघळ दिसला, तं गाडी हलवू नका." शेवटच्या आजारापर्यंत त्यांनी शिकवलं. भिंतीकडे तोंड करून ते पुन्हा कधी पडले नाहीत.

ते गेल्यानंतर काही महिन्यांनी, परवा वहिनींकडे गेलो. शिकवणीच्या वर्गासाठी रेल्वेनं त्यांच्याकडे नव्या बनावटीच्या इंजिनाची प्रतिकृती मागितली होती. सुतारानं घडवलेल्या इंजिनावर वहिनींनी दिलेला कोरा रंग वाळलेला, आणि त्या नुसत्याच बसलेल्या.

"हे त्यायनं पाहिलंच नव्हतं, मास्तर. आता कोण सांगन?"

 मग त्यांनीच चपला घातल्या. "चला, पुलावर जाऊ. हेच इंजिन लावलेली मालगाडी यायचा टाइम झाला."

पुलाच्या कठड्याला टेकून त्या वाकून पाहत राहिल्या. खालून इंजिन धडधडत गेलं, तोंडावर धूर आला. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "टाकीपाशी नीट नाही दिसलं... दुसरी गाडी येतवर थांबता का?"

आम्ही थांबलो.